पाहुणा आणि पाहणारा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पांढुर्णा-सौंसर भागातील मुले-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी नागपूर-पुण्याच्याही पलीकडे जाऊ लागली आणि त्यांच्यामागोमाग प्रवासाच्या काही नव्या रीती आपल्या घरांत आल्या. त्यांतली एक अशी की, परदेशात कोठेही जायचे असो, सामानात धावण्याचे बूट असतातच. मुक्काम दोनच दिवसांचा असला तरी पहिल्या पहाटे, शहर जागे होण्याआधी, नदीच्या काठाने किंवा टेकडीच्या कडेने आठ-दहा किलोमीटर धावून ते गाव पाहून घ्यायचे. दुपारपर्यंत त्याचे छायाचित्र इकडच्या एखाद्या घरातील फोनवर पोचलेले असते. धुके, पूल, संथ पाणी आणि कोपऱ्यात धावणाऱ्याची लांबट सावली. आई ते न्याहाळून विचारते, "तिथली माणसं कशी आहेत रे?" उत्तर येते, "माणसं अजून उठली नव्हती."

हे उत्तर निरागस आहे आणि माझा प्रश्न त्या निरागसपणाविषयीच आहे. दुसऱ्याच्या भूमीतून केवळ तिचे रूप पाहत, तेथे कोणाशी काही काम नसताना, न थांबता निघून जाणे ही निर्दोष कृती आहे काय? त्यात कोणाचे काही जात नाही, हे उघड आहे. पण ज्यात कोणाचे काही जात नाही ते सारे निर्दोषच असते, असे आपण इतर बाबतींत मानत नाही. दारावरून जाताना ओळखीच्या माणसाने मान वळवली तरी कोणाचे काही जात नाही. तरीही आपल्याला ते लागते.

प्रथम या धावणाऱ्यांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. सहलीच्या बसमधून उतरणाऱ्या घोळक्यासाठी गाव सजून बसलेले असते. धावणाऱ्याला ते सजण्यापूर्वी दिसते. तो तिकीट काढत नाही, घासाघीस करत नाही, शोभेच्या वस्तू विकत घेऊन कोणाच्या बाजारपेठेचा चेहरा बदलत नाही. शिवाय तो नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही. चढ त्याच्या पोटऱ्यांना कळतो, पाण्यावरून येणारा गारठा छातीला कळतो. वेगाने दृश्य विरळ होते याचा अनुभव आपल्याच भागाने घेतला आहे. नागपूर-छिंदवाडा ही छोटी रेल्वे २०१५ साली बंद झाली आणि काही वर्षांनी त्या मार्गावर मोठी गाडी आली. प्रवास सुकर झाला, याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण सातपुड्याच्या त्या वळणांवर छोट्या गाडीच्या खिडकीतून जो डोंगर मनात भरे, तो आता नजरेत भरण्याआधीच मागे पडतो. या हिशेबाने पायांच्या गतीने पाहणारा माणूस इतर प्रवाशांपेक्षा वरचढच म्हटला पाहिजे.

सौंदर्यशास्त्राच्या अंगाने तर तो जवळजवळ आदर्श रसिक ठरेल. इमान्युएल कांट याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सौंदर्याच्या आस्वादाचे पहिले लक्षण सांगितले ते हे, की त्यात वस्तूविषयी कसलाही स्वार्थ किंवा हितसंबंध गुंतलेला नसतो. मराठी वाचकांना ही चर्चा रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) आणि 'कांटची सौंदर्यमीमांसा' (१९७७) या ग्रंथांमुळे परिचित आहे. तेथे कांटने राजवाड्याचे उदाहरण घेतले आहे. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय, असे कोणी विचारले असता, असल्या निरुपयोगी डामडौलासाठी रयतेचा घाम खर्ची पडला, असे उत्तर देता येईल. ते खरेही असेल. पण विचारलेला प्रश्न तो नव्हता, असे कांटचे म्हणणे. तर्क म्हणून ते बिनतोड आहे. सुंदर काय आणि न्याय्य काय हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी खपवू नये.

तरीही त्या उदाहरणात एक सोय दडलेली आहे. राजवाडा मुळात दाखवण्यासाठीच बांधलेला असतो. त्याच्यासमोर उभे राहून केवळ पाहणाऱ्याने राजवाड्याचा हेतूच पुरा केलेला असतो. शेत, मळा, कोळ्यांची वाडी, धुणी वाळत घातलेली गल्ली यांचे तसे नाही. ती कोणी दाखवण्यासाठी मांडलेली नसतात. तेथे प्रश्न बाजूला ठेवून नुसते पाहायचे, तर त्या जागेला तिच्या मनात नसलेली भूमिका द्यावी लागते. (जाता जाता सांगायला हरकत नाही की, कांटच्या चरित्रकारांनी त्याच्या रोजच्या फेरफटक्याविषयी एक नोंद केली आहे. श्वास नाकानेच घेतला जावा म्हणून तो फिरताना बोलणे टाळी आणि त्यासाठी एकटाच जाई. रस्त्यात कोणी गाठून बोलते केलेले त्याला परवडत नसे.)

आपल्याकडचेच पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो तेव्हा मोहगावच्या किंवा पांढुर्ण्याच्या आसपासच्या बगीच्यांवरून सकाळी जाणाऱ्याला संत्र्याच्या फुलांचा जो वास येतो, त्याला जगातली कोणतीही रम्य वाट हेवा करील. पण बहार फुटण्यापूर्वी बागाईतदाराने पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो. त्या दिवसांत पाने मलूल होऊन गळतात, बाग केविलवाणी दिसते. दृश्य पाहत जाणाऱ्याच्या दृष्टीने तो पंधरवडा वाया गेलेला, आणि बागेच्या धन्याच्या दृष्टीने वर्षाचे सारे गणित त्याच पंधरवड्यात. पुढे फुले आली की वाटसरूला पांढरी रांगोळी दिसते. धनी बुंध्याशी ओघळलेला डिंक पाहतो, पानांवर कोळशी चढली की काय ते पाहतो, फळ बोराएवढे झाल्यावर गळ किती होईल याचा अंदाज बांधतो आणि विहिरीत डोकावतो. यावरून शेतकऱ्याला सौंदर्य दिसत नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो शहरी माणसाचा जुना गर्व आहे. लदलेल्या झाडासमोर उभा राहून हरखलेला म्हातारा मी अनेकदा पाहिला आहे. फरक इतकाच की, त्याच्या पाहण्याला परिणाम आहेत. जे दिसले त्याबद्दल त्याला काहीतरी करावे लागते. आपण ज्याला दृश्य म्हणतो त्याला तो शिवार म्हणतो, आणि हे एकाच वस्तूचे दोन समानार्थी शब्द नव्हेत.

मग पाहणाऱ्याने काय करावे? दुसऱ्याच्या देशात पहाटे धावायला निघालेल्या मुलीने प्रत्येक मळ्याच्या विहिरीची खोली विचारावी काय? तसे म्हणणे हास्यास्पद होईल. मला उत्तर वेगळ्या दिशेला असावे असे वाटते आणि तिकडे बोट दाखवते ती आपली भाषा.

मराठीत धावणे हे क्रियापद क्वचितच एकटे राहते. संकटात माणूस देवाचा धावा करतो. कोणी मदतीला धावून येते, कोणी अंगावर धावून जाते. गांजलेला माणूस कचेरीकडे धाव घेतो. बाळंतिणीसाठी, सर्पदंशासाठी, पेटलेल्या गंजीसाठी धावाधाव होते. वारीच्या वाटेवर वेळापूरजवळ दिंड्या उतारावरून धावत सुटतात त्यालाही धावा म्हणतात. तुकाराम महाराजांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी त्यामागची श्रद्धा आहे. रक्षणासाठी असो की मारण्यासाठी, भक्तीने असो की भयाने, आपल्या भाषेतले धावणे कोणाकडे तरी किंवा कोणापासून तरी असते. नुसते पाहण्यासाठी धावण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्दच नाही. 'रपेट' आहे, पण ती घोड्यावरची आणि साहेबाची. म्हणूनच खेड्यात धावणारा माणूस दिसला की लोक घाबरतात. सौंसरकडच्या एखाद्या पांदणीत तुम्ही सकाळी धावू लागलात, तर पहिला भेटणारा माणूस "काय झालं?" असेच विचारील. तो तुमच्या छंदाला हसत नाही. तो तुमच्याबरोबर धावायला तयार होत असतो.

धावणे जर असे कोणाशी तरी बांधलेले असेल, तर धावणाऱ्याची कसोटी त्याच्या गतीत नसून त्याला वाटेत कोणी थांबवले तर तो काय करतो यात असणार. या कसोटीच्या दोन फार जुन्या कथा आहेत. एक आपली, एक ग्रीकांची.

सौंसर-पांढुर्णा मार्गावर जामसावळीला हनुमानाची निद्रिस्त मूर्ती आहे. तेथे दर्शनाला जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको की, ज्याचे सारे धावणे दुसऱ्यासाठी झाले, असा हा देव आहे. सीतेच्या शोधासाठी तो समुद्रावरून निघाला असता मैनाक पर्वत पाण्यातून वर आला आणि, क्षणभर माझ्यावर विसावा घे, असे म्हणाला. वाल्मीकींनी सांगितले आहे की हनुमान थांबला नाही. वेळ नाही, वचन दिले आहे, असे तो म्हणाला. पण जाताना त्याने पर्वताला हाताने स्पर्श केला. मला या स्पर्शाचे मोल फार वाटते. ज्याला खरोखर थांबणे शक्य नव्हते त्यानेसुद्धा वाटेतल्या डोंगराला आपण त्याला पाहिले एवढे कळवले.

दुसरी कथा हेरोडोटसने लिहून ठेवली आहे. इ. स. पूर्व ४९० मध्ये इराणी सैन्य मॅरेथॉनला उतरले तेव्हा अथेन्सच्या सेनापतींनी फिडिपिडीस नावाच्या धावत्या जासुदाला मदत मागण्यासाठी स्पार्टाला पाठवले. विजयाची बातमी सांगून तो कोसळला, ही लोकप्रिय कथा पुष्कळ नंतरची. हेरोडोटसचा धावणारा मदत मागायला धावतो. म्हणजे आपल्या अर्थाने तो धावाच होता. सुमारे अडीचशे किलोमीटरची ती वाट त्याने दुसऱ्या दिवशी पुरी केली. पौर्णिमा झाल्याखेरीज निघता येत नाही, असे स्पार्टाच्या लोकांनी त्याला सांगितले, ते असो. वाटेत पार्थेनियन डोंगरावर पॅन या रानदेवाने त्याला नावाने हाक मारली आणि विचारले, "मी अथेन्सच्या लोकांचे भले चिंतितो, अनेकदा त्यांच्या उपयोगी पडलो आहे, मग ते माझी दखल का घेत नाहीत?" जासुदाने हा निरोप परत नेला. युद्ध आटोपल्यावर अथेन्सकरांनी टेकडीखाली पॅनचे स्थान उभारले आणि त्याच्या नावाने दरवर्षी मशालींची शर्यत सुरू केली.

डोंगराने धावणाऱ्याला अडवून, माझ्याकडे लक्ष का नाही, असे विचारावे आणि राज्य बुडण्याच्या घाईत असलेल्या माणसाने ते ऐकून घ्यावे, हे मला विलक्षण वाटते. या दोघांच्या गाठीला तातडीचे काम होते. एकाने स्पर्श केला, एकाने निरोप घेतला. ज्याच्या गाठीला काहीच काम नाही, जो केवळ आनंदासाठी धावतो आहे, त्याच्यापाशी तर थांबण्याइतका वेळ सर्वांत अधिक आहे. घाई हे कारण त्याला सांगता येत नाही. सोबत मनगटावर वेळ मोजणारे घड्याळ असते आणि थांबले की सरासरी बिघडते, हे कारण आहे खरे. पण ते मैनाकाला सांगण्यासारखे नाही.

आता जुन्या कथांतून आजच्या वाटेवर येऊ. महाराष्ट्रातील हौशी धावपटू ज्या शर्यतींसाठी परदेशी जातात त्यांत दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनचे नाव अग्रभागी आहे. दर्बान आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधली ही सुमारे ९० किलोमीटरची वाट बारा तासांत पुरी करायची असते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली ती सुरू झाली. वाटेत 'हजार टेकड्यांचे खोरे' म्हणून प्रसिद्ध असलेला प्रदेश लागतो आणि तेथून परतलेले लोक त्याच्याविषयी बोलताना थकत नाहीत. टेकडीमागे टेकडी, निळसर होत गेलेली. ती दृश्ये खरी आहेत. कोणी ती खोटी ठरवू नयेत.

पण त्याच पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर ७ जून १८९३ च्या रात्री मोहनदास गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवण्यात आले होते. १९१३ च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांचा जमीन घेण्याचा हक्क देशाच्या अगदी थोड्या भागापुरता उरला, तेव्हा हजार टेकड्यांकडे पाहणारे कोण आणि त्यांच्यात राहणारे कोण, याची वाटणी होऊन गेली. आणि खुद्द ही शर्यत? कृष्णवर्णीय पुरुषांना आणि सर्वच स्त्रियांना तिच्यात अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ साली. त्यापूर्वी ते धावले नाहीत असे नाही. रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू १९३५ मध्येच ती वाट धावून गेला, पण त्याची नोंद अधिकृत नव्हती. पहिला कृष्णवर्णीय विजेता, सॅम त्शाबालाला, १९८९ साली झाला. १९८१ मध्ये शर्यत वर्णद्वेषी प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनाशी जोडली गेली तेव्हा ब्रूस फोर्डाइस हा गौरवर्णीय धावपटू निषेधाची काळी फीत दंडाला बांधून धावला आणि जिंकला. दृश्याला त्याने पाठ फिरवली नाही. त्याच टेकड्यांवरून तो धावला, फक्त आपण कोठून धावतो आहोत हे त्याने अंगावर वागवले.

आपला एखादा धावपटू आज तेथे जातो तेव्हा त्याला हा सारा इतिहास पाठ असावा, अशी माझी अपेक्षा नाही. माझा मुद्दा याहून लहान आहे. न थांबता जाता येणे हीसुद्धा एक मिळालेली गोष्ट आहे. ती सर्वांना सारखी मिळालेली नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अहमॉड आर्बेरी हा पंचवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण एका वस्तीतून धावत असताना तीन गौरवर्णीयांनी गाड्या घालून त्याचा पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घालून मारले. तो चोर असावा असा त्यांचा संशय होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तिघांवर खुनाचा आरोप सिद्ध झाला. त्यालाही कोणी थांबवलेच होते. तेव्हा थांबवणे हे सदैव पाहुणचाराचे नसते, हे मला मान्य करावे लागते. एका ठिकाणी, कोण गावचे, असे विचारून पाण्याचा गडवा पुढे करतात, दुसऱ्या ठिकाणी तोच प्रश्न बंदुकीच्या नळीतून येतो.

आपण सीमेवरची माणसे या प्रश्नाला सरावलेलो आहोत. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून नागपुरात "तुम्ही एमपीचे का?" आणि भोपाळात "आप मराठी हैं?" हे दोन्ही प्रश्न आपल्या वाट्याला येत आले. २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला, तरी प्रश्न तेच आहेत. गंमत अशी की, जुन्या मराठीत उत्तरेकडून आलेल्या हिंदी बोलणाऱ्यालाच 'परदेशी' म्हणत. म्हणजे आपल्यासारख्यांना परदेशी होण्यासाठी पासपोर्टची गरज कधी पडलीच नाही. कदाचित म्हणूनच परक्याच्या गावातून कोणी काही न विचारता जाऊ देते ही बाब आपल्याला इतरांपेक्षा लवकर जाणवावी.

आणि दृश्य होणे म्हणजे काय, हेही आपल्याला ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्यामागची आख्यायिका धावण्याचीच आहे: पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असताना नदीच्या पात्रात अडवले गेले, एका काठावरून दगड आले, दुसऱ्या काठावरून त्यांना उत्तर मिळाले आणि ती दोघे मध्येच संपली. त्या दिवशी शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. दोन्ही काठांच्या गच्च्यांवर पाहणाऱ्यांची गर्दी असते, बाहेरून कॅमेरे येतात. गोटमार बंद व्हावी की बदलावी, हा वेगळा वाद आहे आणि माझे मत ती बदलावी असेच आहे. येथे सांगायचे ते एवढेच की, संध्याकाळी कॅमेरे निघून जातात आणि टाके घालण्याच्या रांगेत गाव उरते. त्या संध्याकाळी आपल्याला कोणी पाहून गेले याचा आनंद वाटत नाही.

यावर एक आक्षेप येईल. मग चालणे बरे, धावणे वाईट, वारी खरी आणि रपेट खोटी, असे म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात वारीचे वर्णन केले आहे. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायला जातीजातीने वेगळी बसतात, याची खंत त्यात आहे. तेव्हा गती कमी केल्याने किंवा हेतू पवित्र असल्याने माणूस आपोआप शेजाऱ्याला उत्तर देऊ लागतो असे नाही. उलट, पतीच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून लुगडे नेसून अनवाणी शर्यत जिंकणाऱ्या बारामतीच्या लता भगवान करे (त्यांच्यावरचा चित्रपट २०२० साली आला) आणि हौसेने परदेशी धावणारा तरुण, यांच्यात एकाला थोर आणि दुसऱ्याला हिणकस ठरवणेही मला पटत नाही. गरजेने धावणे हे हौसेने धावण्यापेक्षा नैतिक दृष्ट्या उंच असते असे म्हटले, की गरज टिकून राहावी असेही नकळत म्हटले जाते. आपल्या मुलांना हौसेने धावता यावे यासाठीच तर मागच्या पिढ्या राबल्या.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आपण थांबलो, तरी समोरच्याला आपण थांबायला हवे आहोत काय? भल्या पहाटे दूध काढत असलेल्या माणसाला गाठून त्याचे सुखदुःख विचारणे ही धावून निघून जाण्यापेक्षा मोठी आगळीक होऊ शकते. आपल्या मनाला बरे वाटावे म्हणून दुसऱ्याचा वेळ घेणे, हाही एक प्रकारचा उपभोगच आहे. म्हणून मी थांबणे आणि थांबवणे यांत भेद करतो. धावणाऱ्याने कोणाला थांबवू नये. आपल्याला थांबवता येईल असे मात्र राहावे. कानांत गाणी लावून, नजर दूरच्या कड्यावर ठेवून, घड्याळाच्या भीतीने धावणारा माणूस पाहतो पुष्कळ, पण त्याला हाक मारता येत नाही. मराठीत पाहुणा आणि पाहणारा हे दोन शब्द कानाला सख्खे वाटतात. व्युत्पत्तीने ते वेगळे आहेत. पाहुणा हा संस्कृत 'प्राघुणका'पासून आला. पण मला दोहोंतला भेद व्युत्पत्तीपेक्षा येथे दिसतो: पाहणाऱ्याला दार दिसते, पाहुण्याला दारातून हाक मारता येते.

माझ्या नात्यातला एक मुलगा जर्मनीत असतो. सौंसर तालुक्यातल्या संत्र्याच्या घरातला. मोझेल नदीच्या काठी उतारावर पाटीच्या दगडाच्या जमिनीत द्राक्षांचे मळे आहेत. सुटीच्या दिवशी तो तेथे धावायला जाई आणि फोटो पाठवी. एका रविवारी फोटो आला नाही. संध्याकाळी त्याने फोन केला तेव्हा सांगितले की, मळ्याच्या बांधावर एका म्हाताऱ्याने हात वर करून त्याला थांबवले. भाषा मोडकीतोडकी. म्हाताऱ्याने नुसता एक घड उचलून दाखवला. आदल्या रात्रीच्या गारांनी मणी फुटले होते, एका बाजूने काळवंडले होते. "मामा, आपल्याकडं मृगाच्या फळाला गारा लागल्या की डाग पडते ना, तसंच," तो म्हणाला. मग त्या दोघांनी काय केले, असे मी विचारले. काही नाही, म्हणाला. घड हातात घेतला, उलटून पाहिला, बाकीची ओळ पाहिली, किती गेले याचा अंदाज हातानेच सांगितला, म्हाताऱ्याने मान हलवली. वीस मिनिटे गेली. फोटो काढावा असे वाटले नाही, म्हणाला.

त्याला उत्तर देता आले ते गारा काय करतात हे त्याने घरी पाहिले होते म्हणून. ज्या मुलाने घरचा बगीचाही दृश्य म्हणूनच पाहिला असता, त्याला तो घड हातात घेऊन काय करावे हे सुचले नसते. परदेशात नीट पाहता येण्याची तयारी बहुधा अशीच, जन्मगावच्या बांधावर होते. आणि ती तयारी आता आपल्या घरांतूनही कमी होत चालली आहे, कारण बागेच्या धन्याची मुले बागेत सुटीत येतात आणि आल्या आल्या फोन वर धरतात.

धावण्याचे शिक्षण देणारे नवशिक्यांना एक साधी खूण सांगतात: धावताना एक पुरे वाक्य न धापता बोलता आले पाहिजे, येत नसेल तर वेग जास्त आहे. ही खूण हृदयासाठी सांगितलेली असली तरी माझ्या प्रश्नालाही ती बरी लागू पडते. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. अलीकडे तेथे पहाटे धावणारी दोन-चार मुले दिसतात. चढावर त्यांचा रामराम तुकड्यातुकड्यांनी येतो. 'राम' एका वळणावर आणि दुसरा 'राम' पुढच्या. घाट उतरणारा बैलगाडीवाला मात्र कासरा ओढून तो पुरा होईपर्यंत थांबतो.